टूडी इको: हृदयात काय दिसतं आणि काय दिसत नाही

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आलेले बरेच जण घरी सांगतात, "इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही." यातला पहिला भाग खरा असू शकतो, पण दुसरा त्यातून निघत नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांच्या आत साठलेली चरबी नेहमीच्या इकोत दिसत नाही. धमनी निम्म्याहून जास्त अरुंद झाली तरी माणूस शांत पडून असताना स्नायूला पुरेल इतकं रक्त मिळत राहतं, हृदय छान आकुंचन पावतं आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

मग इको दाखवतो तरी काय? हृदयाची रचना आणि हालचाल. चार कप्पे किती मोठे आहेत, भिंती किती जाड आहेत, त्या किती जोरात आकुंचन पावतात, झडपा पूर्ण उघडतात आणि घट्ट मिटतात का, रक्त कुठून कुठे आणि किती वेगाने जातंय, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठलंय का, हे सगळं त्यात कळतं. ईसीजी हृदयातल्या विद्युत संदेशांची नोंद करतो. धमन्यांचा आतला मार्ग अँजिओग्राफीत दिसतो. प्रश्न वेगळे, म्हणून तपासण्या वेगळ्या. ईसीजी चांगला आलेला असताना डॉक्टर इको सांगतात, किंवा इको चांगला असूनही अँजिओग्राफी सुचवतात, तेव्हा "आता अजून कशाला?" असं वाटतं खरं, पण आधीच्या तपासणीने तो प्रश्न हाताळलेलाच नसतो.

म्हणून रिपोर्ट हातात घेण्याआधी एक गोष्ट डॉक्टरांना विचारून ठेवावी: ही तपासणी नेमकं काय शोधण्यासाठी सांगितली आहे? ते माहीत असलं की अर्धा रिपोर्ट आपोआप समजतो.

आवाजातून चित्र कसं तयार होतं

माणसाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इकोच्या प्रोबमधून, म्हणजे छातीवर टेकवायच्या छोट्या उपकरणातून, निघणाऱ्या ध्वनिलहरी मोठ्या माणसांसाठी साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या असतात. प्रोबमध्ये विजेचा झटका मिळाला की थरथरणारे आणि उलट कंपनं आदळली की वीज निर्माण करणारे स्फटिक बसवलेले असतात. यातला दाबाने वीज निर्माण होण्याचा गुणधर्म पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. त्यामुळे एकच प्रोब आवाज सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी 'ऐकतो'ही.

शरीराच्या मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. छातीत १५ सेंटिमीटर आत असलेल्या भिंतीवर आपटून तो परत यायला सेकंदाचा पाचहजारावा भाग लागतो. परत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं, आणि असे असंख्य प्रतिध्वनी जोडून सेकंदाला कित्येक चित्रं तयार करतं. म्हणून पडद्यावर धडधडतं हृदय जिवंत दिसतं. यात क्ष-किरण नाहीत, किरणोत्सर्ग नाही. गर्भवतीची, तान्ह्या बाळाची, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची तपासणी बिनधोक करता येते, गरज असेल तर पुन्हा पुन्हाही करता येते.

या तंत्राची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड इथे झाली. इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञांपुढे एक अडचण होती. मायट्रल झडपेची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची) शस्त्रक्रिया नुकतीच सुरू झाली होती, पण समोरच्या रुग्णाची झडप मुख्यतः अरुंद झाली आहे की गळते आहे हे शस्त्रक्रियेआधी खात्रीने सांगता येत नव्हतं. चुकीच्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली तर उपयोगाऐवजी नुकसान. त्यांना साथ मिळाली हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाची. धातूतल्या छुप्या भेगा शोधण्यासाठी मालमोच्या जहाजबांधणी कारखान्यात वापरलं जाणारं ध्वनियंत्र हर्ट्झ यांनी छातीवर लावून पाहिलं. पुढे सीमेन्स कंपनीचं यंत्र उसनं मिळालं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाचे हलते प्रतिध्वनी पहिल्यांदा नोंदले गेले. तेव्हा चित्र वगैरे काही नव्हतं, नुसत्या खालीवर होणाऱ्या रेषा होत्या. पण एका नेमक्या प्रश्नातून ही तपासणी जन्माला आली हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आजही ती तशीच वापरली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते.

लाल-निळे रंग आणि झडपेचा दाब

पडद्यावर मधूनच लाल-निळ्या ज्वाळांसारखं काही चमकतं. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध रक्त निळं रंगवलेलं असायचं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की इथेही तेच. तसं अजिबात नाही. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवायचं, एवढाच इथला संकेत आहे. प्राणवायूशी त्याचा संबंध नाही. खूप वेगाने किंवा खळबळत वाहणारं रक्त पिवळं-हिरवं मिसळून दिसतं, आणि डॉक्टरांची नजर बहुतेक वेळा तिथेच खिळते.

यामागे डॉप्लरचं तत्त्व आहे. ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान डॉप्लर यांनी ते १८४२ मध्ये मांडलं. आपल्याकडे येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर चढा ऐकू येतो आणि ती निघून जाताच उतरतो, तोच हा परिणाम. तांबड्या पेशींवरून परतलेल्या लहरींचा सूर किती बदलला यावरून यंत्र रक्ताचा वेग काढतं. तपासणी चालू असताना अचानक 'हूश्श, हूश्श' असा मोठा आवाज येतो तो हाच. रुग्ण दचकतात, पण तो हृदयात काही बिघडल्याचा आवाज नाही. यंत्र रक्ताचा वेग कानांना ऐकू येईल अशा आवाजात बदलून देतं, एवढंच.

आता यातला सर्वांत सुंदर भाग. झडपेचं तोंड अरुंद झालं तरी तेवढंच रक्त त्यातून जायचं असतं, त्यामुळे तिथे वेग वाढतो. हा वेग मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचं, की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मिळतो. एओर्टिक झडपेतून, म्हणजे हृदयातून महाधमनीत उघडणाऱ्या झडपेतून, रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल तर ४ गुणिले १६, म्हणजे ६४ मिलिमीटर पाऱ्याइतका फरक. सेकंदाला ४ मीटर किंवा त्याहून जास्त वेग असेल तर ती झडप तीव्र अरुंद धरली जाते. पूर्वी हाच दाब मोजायचा तर रक्तवाहिनीतून नळी थेट हृदयात घालावी लागे. १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या होलेन आणि लिव्ह हॅट्ले यांनी डॉप्लरचा असा उपयोग करून दाखवला, आणि असंख्य रुग्णांची त्या नळीतून सुटका झाली.

डॉक्टर इको कधी सांगतात

जिना चढताना पूर्वी लागत नव्हता तो दम लागायला लागला, रात्री आडवं पडलं की श्वास कोंडतो, पाय सुजतात, अशा तक्रारींत इकोला तोड नाही. दम हृदयामुळे लागतोय की फुप्फुसामुळे, आणि हृदयामुळे असेल तर स्नायू कमजोर झाला आहे, ताठर झाला आहे, की झडप बिघडली आहे, याची उत्तरं एकाच तपासणीत मिळू शकतात. उपचार मात्र प्रत्येक बाबतीत वेगळे असतात.

दुसरं मोठं कारण म्हणजे स्टेथोस्कोपमधून ऐकू आलेला जादा आवाज, ज्याला डॉक्टर मरमर म्हणतात. लहान मुलांमध्ये आणि गर्भवतींमध्ये तो कित्येकदा निरुपद्रवी असतो. पण हृदयाच्या पडद्यात जन्मजात छिद्र असेल, किंवा लहानपणी घसादुखीनंतर आलेल्या संधिवाताच्या तापाने झडप आखडली असेल, तर तेही असंच ऐकू येतं. कान शंका घेतो, इको ती तपासतो.

हार्ट अटॅकनंतर भिंतीचा कोणता भाग हलत नाही, एकूण पंपिंग किती उरलं आहे, आत रक्ताची गुठळी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढची औषधं ठरत नाहीत. पक्षाघाताच्या रुग्णात मेंदूकडे गेलेली गुठळी हृदयातून निघाली का हे शोधतात. बरेच दिवस न जाणारा ताप असेल आणि रक्तात जंतू सापडले असतील तर झडपेवर जंतूंचा गोळा बसला आहे का हे पाहतात. जुन्या रक्तदाबाने भिंत जाड झाली का, हेही कळतं.

कर्करोगाच्या रुग्णाला इको का सांगितला, हा प्रश्न नातेवाईकांना हमखास पडतो. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅबसारखी काही औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. म्हणून उपचार सुरू होण्याआधी एकदा आणि मध्ये मध्ये पुन्हा इको करतात. इथे एखाद्या आकड्यापेक्षा तो आधीपेक्षा किती घसरला याला जास्त अर्थ असतो. घसरण वेळीच दिसली तर औषध बदलता येतं किंवा हृदयाला जपणारी औषधं जोडता येतात.

रिपोर्टमधले शब्द

सगळ्यांची नजर आधी जाते ती ईएफकडे, म्हणजे बोलीभाषेतल्या 'पंपिंग'कडे. ६० टक्के वाचून "म्हणजे ४० टक्के हृदय बंद पडलं?" असं विचारणारे खूप असतात. डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीराला रक्त पाठवणाऱ्या खालच्या डाव्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती हिस्सा एका ठोक्यात बाहेर फेकला गेला, तो हा आकडा. १२० मिलिलिटर भरलं आणि ७० बाहेर गेलं तर ईएफ सुमारे ५८ टक्के, आणि ते उत्तम आहे. निरोगी हृदयही स्वतःला पूर्ण रिकामं करत नाही. साधारण ५० च्या पुढचे आकडे चांगले, ४१ ते ४९ किंचित कमी, ४० किंवा खाली म्हणजे पंपिंग खरोखर कमी. शिवाय हा आकडा तराजूवरच्या वजनासारखा काटेकोर नसतो. तोच रुग्ण, तेच यंत्र, पण तपासणारी व्यक्ती वेगळी असेल तर पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. गेल्या वेळी ६०, यंदा ५५, एवढ्यावरून झोप उडवून घेऊ नये.

ईएफ चांगला असून हृदय अडचणीत असू शकतं, हे कमी लोकांना माहीत असतं. हृदयाला आकुंचनाइतकंच सैल पडणंही जमावं लागतं, कारण सैल पडल्याशिवाय आत रक्त भरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा यांमुळे स्नायू ताठर होतो. मग पंपिंग ६० टक्के असूनही फुप्फुसांत दाब साचतो आणि दम लागतो. रिपोर्टमध्ये 'डायस्टोलिक डिसफंक्शन' असं लिहिलेलं असतं ते याबद्दल. पण त्यातही पायऱ्या आहेत. साठीच्या पुढच्या बऱ्याच लोकांच्या रिपोर्टवर 'ग्रेड १' असतं. सैल पडण्याचा वेग वयानुसार मंदावल्याची ती खूण असते, आणि काही त्रास नसेल तर त्यासाठी वेगळं औषध सहसा लागत नाही. रक्तदाब मात्र आटोक्यात हवा. ग्रेड २ आणि ३ वर डॉक्टर थांबून बोलतील.

'आरडब्ल्यूएमए' म्हणजे भिंतीचा ठरावीक भाग बाकीच्यांबरोबर हलत नाही. तो एखाद्या करोनरी धमनीच्या हद्दीत येत असेल तर तिथे पूर्वी अटॅक येऊन गेला असण्याची शंका येते. कधीकधी रुग्णाला तो कळलेलाही नसतो. 'नो आरडब्ल्यूएमए' ही चांगली बातमी, पण सुरुवातीला म्हटलं तसं ती धमन्यांना दिलेलं प्रमाणपत्र नव्हे.

'ट्रिव्हियल एमआर', 'माइल्ड टीआर' या शब्दांनी मात्र विनाकारण घाबरवलं आहे. एमआर म्हणजे मायट्रल झडपेची, टीआर म्हणजे ट्रायकस्पिड झडपेची, म्हणजे उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, गळती. ट्रिव्हियल म्हणजे नगण्य. आजची यंत्रं इतकी तीक्ष्ण आहेत की धडधाकट माणसांतही त्यांना थेंबभर गळती दिसते. ट्रायकस्पिडची ही किरकोळ गळती तर तपासणाऱ्याच्या कामाला येते: तिच्या वेगावरून फुप्फुसाच्या धमनीतला दाब काढता येतो, तेच वर सांगितलेलं चारने गुणण्याचं गणित वापरून. गळती मध्यम किंवा तीव्र असेल तर गोष्ट वेगळी.

आणि शेवटच्या ओळीत 'नो क्लॉट, व्हेजिटेशन, पीई' असं दिसतं. क्लॉट म्हणजे गुठळी, व्हेजिटेशन म्हणजे झडपेवरचा जंतूंचा गोळा आणि पीई म्हणजे हृदयाभोवतीचं पाणी. इंटरनेटवर शोधाल तर 'पीई' याच अक्षरांखाली फुप्फुसातल्या गुठळीची माहिती समोर येईल, तिच्या नादी लागू नका.

टेबलावर

साध्या इकोसाठी उपाशी राहावं लागत नाही, नेहमीची औषधंही बंद करायची नसतात. कमरेवरचे कपडे काढून डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली. या स्थितीत हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं. छातीवर ईसीजीच्या तीन तारा चिकटवतात आणि थंड जेली लावतात, कारण प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही. फासळ्यांच्या फटीतून पाहायचं असल्याने प्रोब थोडा दाबला जातो, मध्येच "श्वास सोडून थांबा" असं सांगतात. अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. करणारी व्यक्ती गप्प राहिली म्हणून वाईट काही दिसलंय असं समजू नये. मोजमापं घेताना कुणीही गप्पच असतं.

फुप्फुसं फुगलेल्या किंवा स्थूल व्यक्तीत चित्र धूसर येतं. रिपोर्टवर 'पुअर विंडो' असं लिहिलं असेल तर 'दिसलं नाही' आणि 'नाही' यांत फरक करा. अशा वेळी, किंवा डाव्या कर्णिकेच्या (वरच्या डाव्या कप्प्याच्या) कोपऱ्यातली गुठळी आणि झडपेवरचा छोटा गोळा शोधायचा असेल तर अन्ननलिकेतून प्रोब घालून टीईई करतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, मध्ये फासळ्या नाहीत की हवा नाही, त्यामुळे चित्र लख्ख येतं. त्यासाठी काही तास उपाशी राहावं लागतं, घसा बधिर करतात आणि गुंगी देतात. तोंडातून प्रोब गिळणं सुखाचं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही, पण ती वेळ थोडी असते.

धमन्यांतल्या अडथळ्यांबद्दल इकोकडून काही काढून घ्यायचंच असेल तर स्ट्रेस इको करतात. ट्रेडमिलवर चालवून किंवा डोब्युटामिन नावाचं औषध शिरेतून देऊन हृदयाचा वेग वाढवायचा आणि तेव्हा भिंत कशी हलते ते पाहायचं. विश्रांतीत पुरणारा रक्तपुरवठा श्रमात अपुरा पडला की तो भाग मागे पडतो. गर्भातल्या बाळासाठीही इको आहे. साधारण १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान तो करतात, आणि काही जन्मजात दोष बाळ जन्मण्याआधीच कळल्याने प्रसूती कुठे करायची हे ठरवता येतं.

पुन्हा केव्हा

दर वर्षी 'एकदा होऊन जाऊ दे' म्हणून इको काढणाऱ्यांना मी थांबवेन. झडपेची सौम्य गळती किंवा सौम्य अरुंदपणा असेल, तक्रार नसेल आणि तपासणीत काही बदललं नसेल, तर वार्षिक इकोची गरज नाही. साधारण तीन ते पाच वर्षांनी पाहिलं तरी चालतं. तीव्र आजारात मात्र सहा महिने ते वर्षभरात पुन्हा पाहावं लागू शकतं. अंतर काहीही ठरलेलं असलं तरी नवा दम, चक्कर येऊन पडणं, पायांवर सूज यांपैकी काही सुरू झालं तर त्या तारखेची वाट पाहायची नाही. आणि छातीत अचानक दाब येऊन घाम फुटला तर इकोची वेळ घेत बसू नये, सरळ आपत्कालीन विभागात जावं.

जाताना जुने रिपोर्ट आणि जमल्यास चित्रफितीही सोबत न्याव्यात, शक्य असेल तर त्याच ठिकाणी तपासून घ्यावं. महाधमनी ४२ मिलिमीटर आहे या एका ओळीवरून डॉक्टरांना जेवढं कळतं, त्याहून कितीतरी जास्त ती दोन वर्षांपूर्वी ३८ होती की ४२ च होती यावरून कळतं.